वरून ओतलेलं पाणी

माझी आई माझ्या घरातून उमरेडला परत गेली, ती पुन्हा आली नाही. भांडण झालं नव्हतं. आदळआपट नाही, टोमणे नाहीत. भांडण झालं असतं तर मी जिंकले असते, कारण भांडणात मी कोणाला ऐकत नाही. पण ती भांडलीच नाही, आणि आता ती या जगात नाही. ती का गेली हे दोघींनाच माहीत होतं, तिला आणि मला. माझ्या मुलीला ते गेल्या महिन्यात कळलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. दहा वर्षांची आहे.

हे सगळं हात धुण्यावरून झालं असं सांगितलं तर कोणी हसेल. हसू दे. मला हसू येत नाही.

आम्ही उमरेडला वाढलो. वडील कोळशाच्या खाणीत होते. ते कामावरून यायचे तेव्हा चेहऱ्यावर फक्त डोळे नि दात पांढरे असायचे आणि न्हाणीतून काळं पाणी वाहायचं. ते आईला चालायचं. आम्हा भावंडांच्या अंगावरचा मात्र एक ठिपका तिला चालायचा नाही. शाळेला निघण्याआधी तपासणी असायची. नखं, कानामागचा भाग, मान, कोपरं, टाचा. ओल्या पंच्याचं टोक बोटाला गुंडाळून ती कानात असं फिरवायची की डोळ्यांतून पाणी यायचं. रविवारी शिकेकाई आणि बारीक फणी. गणवेशाचा सदरा नीळ घालून इतका पांढरा करायची की वर्गात मी उगाचच उठून दिसायची. धाकटा भाऊ रडून मोकळा व्हायचा. मी रडायची नाही, उलट उत्तर द्यायची.

सातवीत असताना ती एकदा वजरीनं माझ्या टाचा घासत होती. मी पाय ओढून घेतला आणि म्हटलं, वर्गातल्या बाकीच्या पोरींच्या टाचा त्यांच्या आया बघतसुद्धा नाहीत, मलाच काय सोनं लागलंय. तेव्हा ती थांबली आणि तिनं मला तिच्या गावच्या शाळेचं सांगितलं. शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचा माठ होता. त्याला हात लावायची तिला आणि तिच्या वस्तीतल्या पोरांना मुभा नव्हती. त्यांनी खाली बसायचं, ओंजळ धरायची आणि शिपायानं वरून पाणी ओतायचं. शिपाई जागेवर नसला तर तहान तशीच घरी घेऊन जायची. तिच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. घरातले देव गेले होते, नवी वंदना आली होती, पण शाळेतल्या माठापर्यंत ती बातमी पोचायची होती. मास्तरांना एकदा कोणीतरी विचारलं, आम्हालाच असं का. ते म्हणाले, तुम्ही लोक घाण राहता म्हणून.

एवढं सांगून आई म्हणाली, "तुह्याकडं पाहून कोणाले तसं म्हणाची जागा नाही ठेवाची मले." आणि पुन्हा टाच घासायला लागली.

मला तेव्हा वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता आणि मी ते सोडून दिलं. पुढं तिनं तो विषय कधी काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

लग्न होऊन मी नागपुरात आले. आम्ही वाडीला राहतो, अमरावती रोडच्या आत, गोडाऊनच्या मागच्या बाजूला. नवरा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, मी शहरात कारकुनी करते. खिडकीचा काठ सकाळी पुसला तर दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं, इतके ट्रक. आईचा स्वच्छतेचा वसा मी घेतलाच होता, त्यात टाळेबंदीची वर्षं आली आणि मला रान मोकळं मिळालं. मुलगी पाच वर्षांची. फ्रिजवर तक्ता लावला, हात धुवायच्या पायऱ्या चित्रं काढून लिहिल्या, वीसपर्यंत मोजल्याशिवाय नळ बंद करू दिला नाही. शेजारीपाजारी माझं कौतुक करायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग सात वर्षांची असताना तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात त्राण नाही, दवाखान्यात बारा दिवस. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आली असेल, कोणाच्या हातातून आली असेल, सांगता येत नाही. ते "सांगता येत नाही" माझ्या डोक्यात बसलं. ज्याचा पत्ता लागत नाही त्याच्यापासून मुलीला वाचवायचं म्हणजे सगळ्यांपासूनच वाचवायचं. घरात ज्याचा त्याचा ग्लास वेगळा झाला. बाटलीला तोंड लावायचं नाही. कोणाच्या हातचं खायचं नाही. बाहेरचं कोणी आलं तर माठाला हात लावू द्यायचा नाही. मी रोज तिच्याकडून हे पाढ्यासारखं म्हणून घ्यायची आणि ती बिचारी म्हणायची. एकदा दगावते की काय अशी भीती पाहिलेली बाई होते मी. हे मी माझ्या बाजूनं सांगते आहे, हे मला कळतं.

त्याच वर्षी वडील गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली. मीच आग्रह केला. नातीला सांभाळणारं कोणी हवं होतं, आणि मला आई हवी होती.

आमच्याकडे धुणीभांडी करणारी बाई बालाघाटकडची. तिचा नवरा गोडाऊनमध्ये हमाली करायचा आणि ते मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायचे, आठ खोल्यांना मिळून एक नळ. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. बाई कामाला आली की तीही मागोमाग यायची. केस पिंजारलेले, नखांत माती, नाक वाहतं. मी तिला दारातल्या पायपुसण्याच्या पुढे फारसं येऊ देत नव्हते.

माझ्या आईनं पहिल्याच आठवड्यात तिला गुडघ्यात धरलं आणि बारीक फणी घातली. पोरगी किंचाळून पळाली. दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन बसली. मग ते रोजचंच झालं. आई गॅलरीत मांडी घालून बसायची, दोन्ही पोरींचे हात मांडीवर घेऊन नखं काढायची. साबण आधी स्वतःच्या हाताला लावायची आणि मग त्या फेसाच्या हातांनी दोघींचे हात चोळायची, एकेक बोट. गांधीबागेच्या कापडबाजारातून कटपीस आणून तिनं दोघींना एकसारखे छोटे पंचे शिवले. महिनाभरात ती पोरगी ओळखू येईना. माझा तक्ता फ्रिजवर नुसताच लटकत होता आणि माझ्या मुलीलासुद्धा हात धुवायचे तर आजीच्याच हातांनी हवे होते.

मी चिडले. मी आईला म्हटलं, उवा येतील पोरीच्या डोक्यात, दवाखान्यातून आत्ता कुठं बाहेर आली आहे. आई फणी पुसत म्हणाली, "उवा आल्या तं काढू. हात आहेत नं माह्याजवळ." मी मनातून ते मानलं नाही. आईच्या पाठीमागं मी माझे नियम चालूच ठेवले.

मे महिना होता. शाळांना सुट्ट्या. आई सकाळी खाली भाजी घ्यायला गेलेली. मी ऑफिसला निघत होते, एक पाय सँडलमध्ये. ती पोरगी दारात येऊन पाणी मागायला लागली. माझ्या मुलीनं विचारलं, हिला कोणत्या ग्लासात देऊ. मी घाईत म्हटलं, "ग्लास नको. गडव्यानं वरून ओत, ओंजळीत पिऊ दे तिला. अन् माठाला हात लावू देऊ नको." गडवा म्हणजे आमच्याकडचा पितळी तांब्या. मी दुसरा सँडल घातला आणि जिना उतरले. बोलताना माझी जीभ अडखळली नाही. काही आठवलं नाही. मला आजही ते खरं वाटत नाही, पण तसंच झालं.

पुढं आठ-दहा दिवस आई दुपारी झोपलेली असताना पोरींचं तसंच चाललं असणार. मुलांना एकदा सांगितलं की पुरतं, पुढं त्यांचा तो खेळच होतो.

मग एके दिवशी ऑफिसात वीज गेली, जनरेटरही बंद पडला आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी घरी आले तेव्हा दार लोटलेलं होतं. मी दारातच उभी राहिले. समोर गॅलरीपाशी ती पोरगी उकिडवी बसली होती आणि माझी मुलगी स्टुलावर चढून वरून पाणी ओतत होती. हात लांब धर, गडव्याला लावू नको, सांडू नको, असं चाललेलं. माझ्याच आवाजात. पोरीच्या कोपरांवरून पाणी गळत होतं, फ्रॉक भिजला होता, आणि दोघी हसत होत्या.

आई त्या दिवशी झोपली नव्हती. ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती. तिनं सांबाराची जुडी खाली ठेवली. मला वाटलं, आता ती ओरडेल, गडवा हिसकावून घेईल, निदान नातीच्या पाठीत एक धपाटा घालेल. तिनं यातलं काही केलं नाही. ती उठली, गुडघ्यावर हात टेकत त्या पोरीच्या शेजारी जाऊन उकिडवी बसली आणि ओंजळ पुढं केली.

"मले बी दे," ती म्हणाली.

माझ्या मुलीला मजा वाटली. तिनं ओतलं. आईनं दोन्ही कोपरं एकमेकांना चिकटवली, हनुवटी मनगटावर टेकवली, मान किंचित तिरपी केली आणि प्यायली. एक थेंब खाली पडला नाही. सत्तरीच्या बाईचे हात, एरवी चहाचा कप धरताना थरथरायचे. तेव्हा थरथरले नाहीत. ती पुरेसं झाल्यावर मानेनंच खूण करून थांबली, ओतणाऱ्याला तोंडानं सांगायची सोय नसते तशी.

माझी मुलगी म्हणाली, "आजी, तुला किती मस्त जमते!"

"जमते वं," आई म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि मग मान वर करून दाराकडं पाहिलं. मी तिथं किती वेळची उभी आहे हे तिनं विचारलं नाही. ओंजळीत द्यायला कोणी सांगितलं हेही विचारलं नाही. मी पर्स ठेवली, कूलरमध्ये पाणी आहे का बघितलं, चहा टाकला. तोवर ती पुन्हा सांबार निवडायला बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली. भावाकडं जाते म्हणाली, नातवाला पाहून बरेच दिवस झाले. जाण्याआधी तिनं त्या पोरीची नखं काढली. त्या पोरीची जात कोणती, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि आईनंही विचारलं नव्हतं. मी आईला स्कूटीवर स्टँडवर सोडलं. एसटीत बसवून मी खिडकीशी उभी राहिले आणि काय झालं म्हणून विचारलं. जिला सगळं ठाऊक आहे ती विचारते तसं विचारलं. ती म्हणाली, काही नाही, पोरीले उन्हात खेळू देऊ नको. गाडी सुटली.

मी त्या पावसाळ्यात दोनदा उमरेडला गेले. पहिल्यांदा इकडच्या तिकडच्या गप्पा मारून परत आले. दुसऱ्यांदा मात्र न्हाणीजवळ तिला एकटी गाठली आणि म्हटलं, माझं चुकलं, मुलीच्या आजारपणानं माझं डोकं फिरलं होतं, तू परत चल. ती भावाच्या मुलाचे मोजे धूत होती. म्हणाली, तुझ्यावर राग नाही. मी म्हटलं, मग का येत नाहीस.

तिनं मोजे पिळले. मग म्हणाली, "मी तुम्हाले इतकं काहून घासलं, मालूम? मले वाटे, घासलं का निघून जाईन. पण ते अंगावर नव्हतंच तं निघन कसं? मास्तराचं म्हणणं मी खरं धरलं. अन् तुले बी तेच शिकवलं."

मी म्हटलं, तू असं काही शिकवलं नाहीस. ती म्हणाली, "शिकवलं. तुह्या पोरीपर्यंत गेलं ते." मग तिनं मोजे दोरीवर टाकले आणि जेवायचं पाहा म्हणाली. वर्षभर तरी मी तिला आणू शकले असते. दर वेळी ती दिवाळीनंतर पाहू, उन्हाळ्यात पाहू म्हणायची आणि मी हो म्हणून गाडीत बसायची. मला वाटायचं, वेळ आहे. राग विझतो तशी ही गोष्टही विझेल असं वाटायचं. पण तिला राग नव्हताच, ते मी कानांनी ऐकलं होतं.

मुलगी सारखी विचारायची, आजी कधी येणार. मी सांगायची, आजीला उमरेडचीच हवा मानवते. मागच्या गल्लीतले ते लोकही एव्हाना गेले होते, बाईच्या नवऱ्याचं काम दुसऱ्या गोडाऊनला लागलं म्हणून. त्यांच्या पोरीचं आता काय चाललंय, ठाऊक नाही. नवीन बाई आली, तिला लहान मूल नाही. माझे नियम हळूहळू आपोआप सुटले. मुलगी आता शाळेत मैत्रिणीच्या बाटलीला तोंड लावून पाणी पिते आणि धडधाकट आहे.

या हिवाळ्यात आईच्या छातीत कफ झाला. भावानं फोन केला तोवर तिला दवाखान्यात हलवलं होतं. मी पोचले तेव्हा ती बोलत नव्हती. नर्सला विचारून मी ओल्या कापडानं तिचं तोंड, मान, कानामागचं पुसलं. नखं वाढली होती, ती काढली. मला करता येण्यासारखं तेवढंच होतं आणि ते मला तिनंच शिकवलेलं होतं. चौथ्या दिवशी ती गेली.

पुण्यानुमोदनाला तिच्या गावची एक म्हातारी आली होती, तिच्या वर्गात शिकलेली. आम्ही तिला मावशी म्हणतो. वंदना झाली, जेवणं झाली, बायका आईच्या आठवणी काढत बसल्या. मावशी सांगू लागली, शाळेत पाणी कसं मिळायचं, शिपाई कसा मुद्दाम उंचावरून ओतायचा, आम्ही सगळ्या भिजायचो पण तुमची माय कशी कोपरं जुळवून एक थेंब सांडू द्यायची नाही. भिजून घरी गेलं तर तिच्या आईला कळेल आणि तिला वाईट वाटेल म्हणून. बायका हं हं करत होत्या. माझी मुलगी माझ्या शेजारी बुंदी खात बसली होती. तिचा हात थांबला. तिनं बुंदी पत्रावळीत परत ठेवली आणि माझ्याकडं न बघता उठून अंगणात गेली.

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. कुही फाट्यापर्यंत ती बाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. मी शाळेत असतानाच आजीनं मला सांगितलं होतं, हेही सांगितलं. मनात म्हटलं, दहा वर्षांची आहे, आणखी किती दिवस लपवायचं.

"मला नव्हतं माहीत," ती म्हणाली. "मी तर आजीला मस्त जमते म्हटलं." मी तिला जवळ घ्यायला गेले, तिनं खांदा आकसून घेतला. मग तिनं ते विचारलं, ज्याची मला दोन वर्षं भीती होती. "तू तर दारातच होती. मला थांबवलं काहून नाही?"

लक्षात नाही आलं माझ्या, असं मी म्हटलं. शेजारच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं. मुलगी पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. तिला ते पटलं नाही आणि तिचं बरोबर होतं, कारण ते खोटं होतं. माझं लक्ष होतं. त्या दारात उभी राहून मी अगदी नीट बघत होते, गडवा त्या पोरीच्या हाताला लागत तर नाही ना.